भायखळ्याच्या तुरुंगापासून एकतीस रुग्णालयांपर्यंत : पक्षाघाताच्या चाचण्यांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वैद्यकशास्त्र

१/ सुरगाणा तालुक्यातील एखादा पाडा. पहाटे उठलेल्या वडिलांचे तोंड एका बाजूला वाकडे झाले आहे, उजवा हात उचलत नाही, जीभ जड झाली आहे. घरातले म्हणतात, 'वारं गेलं'. कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू. वैद्यकीय पुस्तकात याला पक्षाघात म्हणतात. मेंदूला रक्त पोहोचवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की हे घडते.

२/ गुठळी विरघळवणारे औषध आज उपलब्ध आहे. मात्र ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. सुरगाण्याहून घाट उतरून-चढून नाशिक गाठायचे, तर गाडी मिळण्याआधीच घड्याळ सुरू झालेले असते. पण आज प्रश्न थोडा वेगळा विचारू. हे 'साडेचार तास' ठरवले कोणी? कशावरून?

३/ उत्तर असे की, ते कोणा एका थोर डॉक्टरने ठरवलेले नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीने तीन तासांची मर्यादा दाखवली. २००८ साली युरोपातील ८२१ रुग्णांच्या चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत वाढवली. दोन्ही चाचण्या अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन, एकाच नियमावलीने केल्या होत्या. आजचा धागा या 'एकत्र येण्या'च्या इतिहासाविषयी आहे. त्याचा एक महत्त्वाचा दुवा आपल्या मुंबईत आहे.

४/ आधी थोडे गणित. ते कळल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. एक नाणे १०० वेळा उडवा. छापा ५० वेळा पडायला हवा. प्रत्यक्षात तो ४० ते ६० यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि नाण्यात काही खोट नसते. १०,००० वेळा उडवले, तर बहुधा ४,९०० ते ५,१०० यांच्या दरम्यान पडेल. म्हणजे जितक्या जास्त वेळा उडवाल, तितका निव्वळ योगायोगाचा खेळ आक्रसत जातो.

५/ आता नाण्याच्या जागी रुग्ण ठेवा. एखाद्या औषधाने शंभरातला एकच रुग्ण जास्त वाचत असेल, तर शंभर रुग्णांच्या वॉर्डात बसून ते कधीच दिसणार नाही. त्यासाठी हजारो रुग्ण हवेत. आणि हजारो रुग्ण एका रुग्णालयात, एका शहरात सापडत नाहीत. अनेक रुग्णालयांचे जाळे ही संशोधकांची हौस नव्हे. ती या गणिताने लादलेली गरज आहे.

६/ आता मुंबईत जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबर महिन्यात वाल्डेमार हाफकिन तेथे दाखल झाले. जन्म ओडेसाचा, शिक्षण जीवशास्त्राचे, आणि कलकत्त्यात पटकीच्या लशीचा अनुभव पाठीशी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

७/ त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्याशी तुलना केली. एकच इमारत, एकच अन्न, एकच साथ. फरक फक्त लशीचा. तुलनेची ही कल्पना पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे.

८/ पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबायला हवे. तुरुंगातला माणूस 'स्वेच्छेने' म्हणजे नेमके काय करतो? ज्याच्या हातात स्वतःचे दारही नाही, त्याच्या होकाराला किती वजन द्यायचे? त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा लागू झाला. पुण्यात घरझडत्या झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी वैद्यकाविषयी लोकांच्या मनात किती भय आणि संताप होता, ते हा काळ सांगतो. संमतीचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे. तो लक्षात ठेवा.

९/ फेब्रुवारी १८९८. बडोदे संस्थानातील उंढेरा हे गाव. हाफकिन यांनी येथे पद्धत सुधारली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. मग वाट पाहिली. ज्या कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावले.

१०/ हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो दोन्ही कारणांनी यायला हवा. लशीचा उपयोग स्पष्ट दिसतो. पण त्या २६ जणांचाही विचार करा. एकाच घरात एका भावाला लस आणि दुसऱ्याला नाही. आजच्या नियमांनुसार अशी रचना एखाद्या नैतिकता समितीपुढे टिकली असती का, याची चर्चा वर्गात जरूर करा. मात्र ज्या काळी बहुतेक उपचार 'माझ्या अनुभवात गुण येतो' एवढ्याच आधारावर चालत, त्या काळी ही काटेकोर तुलना फार पुढची होती.

११/ प्लेग नाशिकपासूनही दूर नव्हता. नाशिकजवळच्या भगूर येथे १८९९ साली दामोदरपंत सावरकर, म्हणजे विनायक दामोदर सावरकरांचे वडील, प्लेगनेच गेले. जिल्ह्यातल्या अनेक जुन्या घरांच्या वंशावळींत त्या दोन-तीन वर्षांत अशी एकदम रिकामी झालेली जागा आढळते. हाफकिन यांची प्रयोगशाळा त्याच वर्षी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली. १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. तीच आजची हाफकिन संस्था.

१२/ पुढचा टप्पा इंग्लंडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले होते, पण ब्रिटनकडे ते अगदी थोडे होते. सर्वांना पुरणार नाही, तर द्यायचे कोणाला? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या रचनेनुसार निवड चिठ्ठीवर सोडली गेली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे ते यादृच्छिक आकड्यांनुसार ठरवून बंद पाकिटांत ठेवले. डॉक्टरच्या दयेला, ओळखीला किंवा अंदाजाला तेथे जागा उरली नाही.

१३/ ही चाचणी अनेक रुग्णालयांत मिळून १०७ रुग्णांवर झाली. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. बंद पाकीट हा आधुनिक चाचणीचा पाया ठरला. उंढेऱ्यात जे कुटुंबातल्या विभागणीने साधले, ते येथे चिठ्ठीने अधिक निःपक्षपातीपणे साधले.

१४/ आणि मग मद्रास. १९५६ साली तेथे क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना असे चौघे त्यात सहभागी होते. प्रश्न असा : क्षयाच्या रुग्णाला वर्षभर सॅनिटोरियममध्ये, चांगले अन्न आणि विश्रांती देऊन ठेवायलाच हवे का? की गरीब वस्तीतल्या घरी राहूनही गोळ्या घेऊन तो बरा होईल?

१५/ १९३ रुग्ण चिठ्ठीने दोन गटांत विभागले गेले. १९५९ साली निष्कर्ष आले : घरी उपचार घेणारे जवळजवळ तेवढेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त धोकाही झाला नाही. जगभरच्या सॅनिटोरियमांचे दिवस संपत आल्याची ती खूण होती. गरीब देशातल्या एका चाचणीने श्रीमंत देशांची पद्धत बदलली. 'घर हेच रुग्णालय' ही कल्पना भारतीय आरोग्यसेवेत घट्ट रुजली. तीही लक्षात ठेवा.

१६/ आता पक्षाघाताकडे. १९९० च्या दशकात दोन महाकाय चाचण्या झाल्या. पहिली एडिनबर्गहून चालवलेली आंतरराष्ट्रीय चाचणी : ३६ देश, ४६७ रुग्णालये, १९,४३५ रुग्ण. दुसरी चीनमधली : ४१३ रुग्णालये, २१,१०६ रुग्ण. दोन्हींचे निष्कर्ष १९९७ साली आले. औषध कोणते, तर साधी अ‍ॅस्पिरिन. आंतरराष्ट्रीय चाचणीत हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषधही तपासले गेले.

१७/ एवढ्या रुग्णालयांचा मेळ कसा घातला? युक्ती साधी होती. आंतरराष्ट्रीय चाचणीत डॉक्टरने ऑक्सफर्डच्या केंद्राला दूरध्वनी करायचा, रुग्णाची मोजकी माहिती सांगायची, आणि पलीकडून गट कळायचा. पाकीट फोडून पाहण्याचा मोह कायमचा संपला. माहितीचा अर्जही मुद्दाम छोटा ठेवला होता, कारण रात्रपाळीच्या थकलेल्या डॉक्टरकडून वीस पाने भरून होत नाहीत. समन्वयाचे हे पहिले शहाणपण : जेवढे लागते तेवढेच विचारा, पण ते प्रत्येकाकडून सारखेच विचारा.

१८/ निष्कर्ष? दोन्ही चाचण्या एकत्र पाहता, लगेच अ‍ॅस्पिरिन दिल्याने पहिल्या काही आठवड्यांत दर १,००० रुग्णांमागे सुमारे १० मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके टळतात. हजारात दहा! कोणत्याही एका डॉक्टरला आयुष्यभराच्या अनुभवातून हे दिसले नसते. आणि हेपॅरिन, जे तोवर अनेक ठिकाणी विश्वासाने दिले जात होते, त्याचा एकंदर फायदा दिसला नाही. जेवढे झटके टळले, तेवढा रक्तस्राव वाढला.

१९/ भारतात मात्र पक्षाघात म्हणजे शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, असा समज दीर्घकाळ होता. तो मोडण्यासाठी आधी मोजणी हवी होती. मुंबईत २००५-०६ साली डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी एका वॉर्डातील दीड लाखाहून अधिक लोकसंख्येत नव्या पक्षाघातांची नोंद ठेवली. दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण, असा तो हिशेब आला.

२०/ आणि गडचिरोली? तेथे 'सर्च' या संस्थेने ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघर जाऊन विचारले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते. मलेरिया नव्हे, क्षय नव्हे. मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक पक्षाघाताचा. तोही भातशेती करणाऱ्या, जंगलालगतच्या, कष्टाळू माणसांत.

२१/ या ८६ गावांना स्वतःचा इतिहास आहे. १९९३ ते १९९८ या काळात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने यांपैकी ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि उरलेल्या ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. उंढेऱ्याचे तुलनेचे तत्त्व, मद्रासची 'घरी उपचारा'ची कल्पना, दोन्ही येथे शंभर वर्षांच्या अंतराने एकत्र आलेली दिसतात.

२२/ आता या धाग्याच्या मुख्य प्रसंगाकडे. पक्षाघातातून वाचलेल्या माणसाला पुन्हा चालायला, बोलायला, घास उचलायला शिकवावे लागते. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट हवेत, आणि ते भारतात फार अपुरे आहेत. मग एक सुंदर कल्पना निघाली : आपल्याकडे कुटुंब आहे ना? सून, मुलगा, पत्नी यांनाच रुग्णालयात शिकवू. रोजचा व्यायाम तेच घरी करून घेतील. मद्रासच्या क्षयरुग्णांना घराने साथ दिली होती, येथेही देईल.

२३/ या कल्पनेची परीक्षा 'अटेंड' या चाचणीने घेतली. ऑस्ट्रेलियातील संशोधक आणि लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकाराने भारतातील १४ रुग्णालये एकत्र आली. जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात १,२५० रुग्ण संगणकाच्या चिठ्ठीने विभागले गेले. ६२३ जणांच्या कुटुंबांना खास प्रशिक्षण; ६२७ जणांना नेहमीचा उपचार.

२४/ पडद्यामागे काय लागते ते पाहा. प्रत्येक रुग्णालयाच्या नैतिकता समितीची वेगळी परवानगी. प्रत्येक केंद्रावर एक समन्वयक, जो वॉर्डात फिरून पात्र रुग्ण शोधतो, नातेवाइकांना समजावतो, अर्ज भरतो. प्रशिक्षण सर्वत्र सारखेच व्हावे म्हणून आधी प्रशिक्षकांचे प्रशिक्षण. आणि सहा महिन्यांनी रुग्णाला तपासणारा माणूस वेगळा, ज्याला रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसते. नाहीतर आपल्याच मेहनतीला नकळत जास्त गुण दिले जातात.

२५/ २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले : प्रशिक्षण मिळालेल्या गटात ४७ टक्के. नेहमीच्या गटात? ४७ टक्के. काडीचाही फरक नाही. १४ रुग्णालये, दोन वर्षांहून अधिक काळ, शेकडो कुटुंबांची मेहनत. आणि उत्तर 'नाही'.

२६/ येथे थोडे थांबू. हे अपयश आहे का? चाचणी झाली नसती तर काय झाले असते, याची कल्पना करा. इतकी गोड, इतकी 'भारतीय संस्कृतीला साजेशी' कल्पना सरकारी योजना झाली असती. पोस्टर लागले असते. आणि देशभरातल्या सुना-मुलींच्या दिवसात आणखी दोन तासांचे काम वाढले असते, कारण आपल्या घरांत सेवा बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते. शिवाय फिजिओथेरपिस्टच्या जागा न भरण्याला एक सोयीस्कर सबब मिळाली असती.

२७/ म्हणून हे 'नाही' मौल्यवान आहे. हाफकिन यांचा 'होय' आपण साजरा करतो, त्यांच्या नावाची संस्था उभी करतो. 'नाही' म्हणणाऱ्या चाचणीचे स्मारक कोणी बांधत नाही. पण इतिहासात जसे 'अमुक पत्र बनावट आहे' हे सिद्ध करणाऱ्याचे ऋण मोठे असते, तसेच हेही.

२८/ जाळे मात्र वाया गेले नाही. एकत्र काम करण्याची सवय लागली होती. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने पक्षाघाताच्या चाचण्यांसाठी देशव्यापी जाळे उभे राहिले. त्याचे समन्वय केंद्र लुधियानात. आयुर्वेदिक उपचार आणि फिजिओथेरपी यांची तुलना करणारी चाचणीही या जाळ्याने हाती घेतली. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फक्त घोषणा होत असताना कोणीतरी शांतपणे मोजायला बसले, हे नोंदवण्यासारखे आहे.

२९/ जाळ्याची मोठी चाचणी 'स्प्रिंट इंडिया'. प्रश्न : एकदा पक्षाघात झालेल्याला दुसरा झटका येऊ नये म्हणून मोबाइलवर नियमित संदेश, छोट्या चित्रफिती आणि एक माहितीपुस्तिका दिली, तर उपयोग होईल का? साहित्य १२ भाषांत तयार झाले. एप्रिल २०१८ ते नोव्हेंबर २०२१ या काळात ३१ केंद्रांवर ४,२९८ रुग्ण सहभागी झाले. त्यातली शेवटची सुमारे दोन वर्षे कोरोनाची, हे तारखांवरूनच लक्षात येईल.

३०/ बारा भाषांचे काम भाषांतराचे वाटते, पण तसे नाही. 'पक्षाघात' लिहिले तर सुरगाण्यात कळेल का? 'लकवा' लिहिले तर डॉक्टरला चालेल का? 'मीठ कमी खा' हे कोकणात सुक्या मासळीविषयी सांगावे लागते आणि खानदेशात ठेच्याविषयी, पापडाविषयी. संदेशाचा अर्थ सर्वत्र एकच राहिला पाहिजे आणि शब्द मात्र त्या घरातले हवेत. असे नसेल, तर ३१ केंद्रांची एक चाचणी न राहता ३१ वेगळ्या चाचण्या होतात.

३१/ निष्कर्ष : वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू अशा घटना संदेश मिळालेल्या गटात ५.५ टक्के, न मिळालेल्या गटात ४.९ टक्के. फरक नाही. फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरली नसल्याने चाचणी आधीच थांबवली गेली. पुन्हा 'नाही'.

३२/ पण आत डोकावले तर चित्र गुंतागुंतीचे आहे. संदेश मिळालेल्यांत दारू सोडणारे ८५ टक्के होते, दुसऱ्या गटात ७८. धूम्रपान सोडणारे ८३ विरुद्ध ७५. औषधे नियमित घेणारे ९३.६ विरुद्ध ८९.८. म्हणजे वागणे थोडे बदलले, पण एका वर्षात त्याचे रूपांतर कमी झटक्यांत झाले नाही. कदाचित वर्ष अपुरे असेल. कदाचित या केंद्रांतला नेहमीचा उपचारच चांगला असेल. जेथे दहातले नऊ जण तसेही औषध घेतात, तेथे संदेशाला करायला उरते किती?

३३/ आता तो राखून ठेवलेला प्रश्न : संमती. भायखळ्याच्या कैद्याचे दार बंद होते. पक्षाघाताच्या रुग्णाचे तर शब्दच बंद झालेले असतात. सही करणारा हातच लुळा पडलेला. वेळ साडेचार तास. अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे बहुधा जवळच्या नातेवाइकाची, संमती घेतात आणि साक्षीदार ठेवतात. पण घाबरलेला मुलगा डॉक्टरला 'नाही' म्हणू शकतो का? १८९७ चा प्रश्न नव्या कपड्यांत आपल्यासमोर उभाच आहे.

३४/ फरक एवढा की आज नियम आहेत. १९६४ ची हेलसिंकी घोषणा. २००७ पासून भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, जी २००९ पासून सक्तीची झाली. २०१९ चे नवे औषध व वैद्यकीय चाचणी नियम. ही नोंदवही आपल्यासारख्यांसाठीही महत्त्वाची आहे. चाचणी सुरू होण्याआधीच प्रश्न जाहीर लिहून ठेवावा लागतो. त्यामुळे 'नाही' आलेले उत्तर गुपचूप फडताळात टाकणे कठीण होते. उद्याच्या वैद्यकीय इतिहासकाराचे ते दफ्तर आहे.

३५/ शेवटी परत नाशिकला. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे. राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर या पट्ट्यात शासकीय, खासगी आणि धर्मादाय रुग्णालये आहेत. जाळ्याला लागणारे धागे भौगोलिकदृष्ट्या येथे आहेत. पण इतिहास सांगतो, की इमारतींनी जाळे होत नाही. पाकीट न फोडण्याची शिस्त, सारखा अर्ज, पगार मिळणारा समन्वयक आणि 'नाही' छापण्याची तयारी यांनी ते होते.

३६/ आणि एक उणीव. गडचिरोलीच्या त्या २२९ मृत्यूंपैकी ८७.३ टक्के घरीच झाले. म्हणजे ही माणसे शेवटच्या क्षणी कोणत्याही रुग्णालयात नव्हती. ३१ केंद्रांचे जाळे कितीही बारीक विणले, तरी जो दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही तो त्यात येत नाही. त्याच्यावर कोणता उपचार चालतो, कोणता नाही, हे आपण रुग्णालयात पोहोचलेल्यांच्या आकड्यांवरून ठरवत राहतो. दफ्तरात ज्यांची नोंद नाही त्यांचा इतिहास लिहिणे किती कठीण, हे आपल्याला ठाऊक आहे. वैद्यकशास्त्रासमोरही नेमका हाच पेच आहे.

३७/ हाफकिन रुग्णांची वाट पाहत प्रयोगशाळेत बसले नाहीत. ते तुरुंगात गेले, उंढेऱ्याला गेले. बंग दांपत्याच्या आरोग्यदूत उंबऱ्याच्या आत गेल्या. पुढचे जाळे रुग्णालयापासून सुरू होऊन सुरगाण्याच्या त्या पाड्यावर संपायला हवे. तोवर आपल्यापैकी प्रत्येकाने एवढे करावे : तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही दिसले, तर लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ नोंदवावी आणि १०८ ला दूरध्वनी करावा. 'थोडा वेळ पडून राहू द्या, बरे वाटेल' हा सल्ला मात्र कोणालाही देऊ नये.

३८/ धागा येथे संपला. आपल्या गावातील प्लेगच्या काळातील आठवणी, जुनी पत्रे, लसटोचणीचे दाखले घरात कुठे असतील, तर कृपया जपून ठेवा आणि शक्य असल्यास त्यांचे छायाचित्र काढून ठेवा. उंढेऱ्याचे आकडे आपल्यापर्यंत पोहोचले, कारण कोणीतरी ते त्या वेळी नीट लिहून ठेवले होते.